आरआर १८

पूर्व विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मी ११ वर्षं कॅज्युअल्टीची स्टाफ नर्स आहे. थंडीतली नाइट होती. रात्री पावणेदोनला तो एकटाच आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. वय २३, सिकलसेलचा एसएस पेशंट (म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला), वर्षातली पाचवी खेप. इंटर्न माझ्या कानाशी म्हणाला, "हा नशेच्या सुईसाठी येतो, सिस्टर. दुखणारा माणूस असा तयार होऊन येतो का?"

शर्टाचं कारण मला नंतर कळलं. मागच्या खेपेला घरच्या कपड्यांत, भिंत धरत आला, तर दारू प्यालास का म्हणून तोंडाचा वास घेतला होता. या वेळी त्यानं सुजलेल्या बोटांनी एकेक बटण लावलं. "नीट दिसलो तर लवकर पाहतील वाटलं," म्हणाला.

या दुखण्याला बाहेरून दाखवायला काही नसतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही. बीपी मात्र नॉर्मल. अशा पेशंटला पहिल्या तासाभरात नीट वेदनाशामक द्यावं, हे मान्य झालेलं आहे. आमच्याकडे डायक्लोचं एक साधं वेदनाशामक इंजेक्शन आणि "बाकावर बस". मॉर्फिन डबल कुलपात, किल्ली एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे, सही करणारे डॉक्टर ओटीत. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही औषधं मिळवणं सोपं झालं, पण कपाट उघडायची भीती आहे तिथंच आहे. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, गावोगाव तपासण्या होतात, ते चांगलंच आहे. पण ज्याचा रिपोर्ट एसएस आला, त्यानं रात्री दोनला कुठं जायचं?

सलाईनसाठी हात पुढं घेतला. "कोपरात नाही भेटत आता, सिस्टर. डाव्या अंगठ्याच्या मागं पाहा, तिथं २४ नंबरची जाते." ग्लोव्हमध्ये कोमट पाणी भरून मनगटावर ठेवलं, शीर जराशी वर आल्यावर पिवळं व्हेनफ्लॉन, म्हणजे तीच २४ नंबरची सलाईनची सुई, घातलं. एका टोचण्यात गेलं. या कामात माझा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही.

पट्टी चिकटवताना त्याच्या शर्टाची बटणं भराभर हलताना दिसली. श्वास वरच्यावर चालला होता. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजला. ३२. अपघाताच्या पेशंटचा ऑक्सिमीटर काढून आणला, ९० दाखवलं. केसपेपरवर लिहिलेलं होतं, आरआर, म्हणजे मिनिटाचे श्वास, १८. श्वास कोणी मोजतच नाही. १८ नाहीतर २० लिहून मोकळे होतात. आणि सिकलसेलमध्ये छाती भरली की माणूस काही तासांतही हातचा जाऊ शकतो.

ऑक्सिजन लावला, फिजिशियनना उठवलं. फोनवर चिडले, पण दहा मिनिटांत पोचले, हे सांगायलाच हवं. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरं दिसलं. अँटिबायोटिक, रक्त, आयसीयू. मॉर्फिन साडेतीनला मिळालं. त्यानंतर त्याची मूठ उघडली, तेव्हा तळव्यात नखांचे चार वण होते.

नवव्या दिवशी तो घरी गेला.

त्या सकाळी ड्यूटी संपल्यावर त्याचे आधीचे चार केसपेपर काढून पाहिले. चारही ठिकाणी १८. त्यातले दोन माझ्या अक्षरातले.