बुकोविना म्हणायचं नाही

किल्ला बघायला खाली उतरायचं, हे माझ्या मराठी पायांना काही पटेना. राजगड-तोरण्याची सवय. किल्ला म्हणजे मान वर, धाप, मध्येच ताक. युक्रेनमधल्या खोतिनला गाव वर पठारावर आणि किल्ला खाली, थेट द्निस्तर नदीच्या काठाला. उतार संपता संपता तो एकदम समोर येतो. काही ठिकाणी चाळीस मीटरपर्यंत उंच भिंती आणि फिक्या दगडात लाल विटांनी भरलेली भौमितिक नक्षी. एका भिंतीवर काळपट ओलीचा मोठा डाग आहे, भर उन्हातही ओला दिसतो. कुणाला तरी भिंतीत चिणलं होतं, तिचे हे अश्रू, अशी दंतकथा. अशी गोष्ट नसलेला किल्ला जगात असेल असं मला वाटत नाही.

भाची तेव्हा चेर्निव्त्सीला डॉक्टरकी शिकत होती, म्हणून मी २०१९च्या ऑगस्टअखेर तिकडे. चेर्निव्त्सी सुंदर आहे. विद्यापीठाची लाल इमारत २०११पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. तिथून खोतिन साधारण साठ किलोमीटर. गेलो मार्श्रुत्काने, म्हणजे खच्चून भरलेल्या मिनीबसने. बाहेर कडक ऊन आणि सगळ्या खिडक्या बंद! एक उघडली तर मागून दोन बायका एकदम ओरडल्या. वाऱ्याच्या झोताने मान धरते, कान दुखतो, माणूस आजारी पडतो, ही तिथली अढळ श्रद्धा. उद्याच्या डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे खिडकी लावली. ‘मावशी, यावर वाद नाही घालायचा,’ म्हणाली. तासाभराहून जास्त वेळ मी शिजत होते.

किल्ल्यात गर्दी. लग्नाच्या फोटोवाल्यांनी सगळे चांगले कोपरे अडवलेले, त्यात एक टूर ग्रुप, आणि त्यांचा गाइड गळ्यात स्पीकर अडकवून आलेला. या स्पीकरवर बंदी घालायला हवी. तो परत परत ‘बुकोविनाचं रत्न’ म्हणत होता.

दाराजवळ एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात वाळवलेल्या अळिंब्यांच्या माळा, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट आणि खोकाभर सफरचंदं. गाइडचं ते रत्न तिसऱ्यांदा कानावर आलं तशा त्या फिस्कारल्या, ‘याका बुकोविना!’ म्हणजे, कसली डोंबलाची बुकोविना. आम्ही सफरचंदं निवडत होतो, सापडलो.

भाचीची युक्रेनियन वॉर्डातल्या पेशंटपुरती. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. पण आजींना तेवढी पुरली. त्यांनी खोक्याचं झाकण फाडलं, हिशेबाचं बॉलपेन काढलं आणि वर एक वाकडीतिकडी रेघ मारली: द्निस्तर. खाली दुसरी: प्रुत. दोन नद्यांच्या मधला पट्टा पेनाच्या टोकाने टोचून म्हणाल्या, ‘बेसाराबिया.’ मग चेर्निव्त्सी आणि खोतिन यांच्या मध्ये एक उभी रेघ, इतक्या जोरात की पुठ्ठा फाटला. रेघेच्या त्या बाजूला बुकोविना, तिथे ऑस्ट्रियाचा बादशहा. या बाजूला आम्ही, आमच्याकडे झार. ‘आणि हा पोरगा,’ स्पीकरवाल्याकडे पेन रोखून, ‘मला बुकोविनाची करतो!’

आजींचं बरोबर होतं. हा सगळा मुलूख आधी मोल्दाविया संस्थानाचा. ऑस्ट्रियाने बुकोविना उचलली १७७५ला. खोतिनवर तुर्कांचा अंमल १७१३पासूनच बसला होता. ते १८१२च्या बुखारेस्टच्या तहात बाकीच्या बेसाराबियाबरोबर रशियाकडे गेलं. १९१८पर्यंत शेजारच्या या दोन गावांच्या मध्ये दोन साम्राज्यांची हद्द होती. मग दोन्ही रुमानियात गेली आणि हद्द सरकली ती द्निस्तरवर. किल्ल्याच्या तटावरून पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. १९४०पर्यंत तो दुसरा देश होता, सोव्हिएत. जानेवारी १९१९मध्ये खोतिनकरांनी रुमानियाविरुद्ध उठाव केला, तो काही दिवसांतच चिरडला गेला, आणि माणसं हीच नदी ओलांडून पळाली. आता अताकी गावापाशी पूल आहे आणि पलीकडे झ्वानेत्स. कामेनेत्स-पोदिल्स्कीला जाणाऱ्या गाड्या त्यावरून बिनदिक्कत जातात.

मोठ्या लढाया पाट्यांवर लिहिलेल्या आहेतच. १६२१ला कोवळा सुलतान दुसरा उस्मान प्रचंड सैन्य घेऊन आला. पोलिश-लिथुआनियन फौज आणि हेतमान (म्हणजे सरदार) साहाइदाच्नीचे कझाक यांनी त्याला महिनाभर इथे थोपवून धरलं. साहाइदाच्नीचा पुतळा किल्ल्याजवळ आहे, सगळे त्याच्या पायाशी उभे राहून फोटो काढतात. पण माझं लक्ष लढायांवरून उडालं होतं. ते फाटकं झाकण आजींनी सफरचंदांबरोबर पिशवीत टाकून दिलं आणि परतताना गाडीत (खिडक्या बंद) मी तेच बघत बसले.

कारण त्यांनी न काढलेली आणखी एक रेघ त्यात होती. मोल्दावियाच्या काळात खोतिन हा परगणा होता. तुर्कांनी त्याचा रया केला, रशियाने उयेझ्द, रुमानियाने जुदेत्स. दर धन्याने कारभाराची पाटी बदलली, नाव मात्र खोतिनच ठेवलं. १९४०ला सोव्हिएत आले. त्यांनी जुन्या खोतिन परगण्याचा बराचसा भाग तोडून उत्तर बुकोविनाला जोडला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चेर्निव्त्सी ओब्लास्त, म्हणजे प्रांत, तयार केला. बेसाराबियाच्या माणसांना लोक बुकोविनाचे म्हणू लागले ते इथून. पण या ओब्लास्तातही खोतिन रायोन राहिला. रायोन म्हणजे तालुका धरा.

आमच्या ट्रिपनंतर वर्षही झालं नव्हतं. जुलै २०२०मध्ये कीव्हच्या संसदेने देशातले ४९० रायोन मोडून १३६ केले. चेर्निव्त्सी ओब्लास्तात अकराचे तीन झाले. खोतिन, केल्मेन्त्सी आणि सोकिर्यानी एकत्र करून नवा रायोन केला, त्याला नाव दिलं नदीचं, द्निस्त्रोव्स्की. मुख्य ठिकाण केल्मेन्त्सी! किल्ला नाही, सुलतान फिरकला नाही, शहराचा दर्जासुद्धा नाही. कारण मात्र नकाशात दिसतं. खोतिन पश्चिमेच्या टोकाला, सोकिर्यानी पूर्वेच्या, केल्मेन्त्सी बरोबर मधे, आणि तिथे रेल्वे आहे, खोतिनला नाही. सरकारी टेबलावर हे अगदी शहाणपणाचं आहे. आपल्याकडे पालघर २०१४ला वेगळा झाला तेव्हा कचेऱ्या जवळ आल्या म्हणून लोक खूश होते. खोतिनची उलट गेली. खोतिनच्या नावाची हरोमादा, म्हणजे गावांची एकत्रित पालिका, उरली आहे. तीन साम्राज्यांनी टिकवलेलं नाव लोकांनी निवडून दिलेल्या संसदेने एका ठरावात एक पायरी खाली उतरवलं, हे मला अजूनही रुचत नाही.

युद्ध सुरू झाल्यावर भाची मार्च २०२२मध्ये बाकी पोरांबरोबर सिरेतच्या नाक्यावरून रुमानियात आली, थंडीत रांगेत उभी राहून. त्यावर ती स्वतः कधी लिहील तर लिहील. केल्मेन्त्सीची बातमी मात्र मीच तिला उशिरा सांगितली. ती हसायलाच लागली. ‘मावशी, त्या आजींना कुणी सांगितलं असेल गं?’ म्हटलं, कुणीही सांगो, त्या दिवशी त्या माणसाने मॅग्नेट मात्र दुप्पट भावाने घेतला असणार.