चांगल्या पावडरी परवडत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो. हाताने बनवलेल्या छोट्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलला वापरातलं, मळकं रूप द्यायला मी बाटलीत मिळणाऱ्या तयार पावडरींऐवजी गेरू, समईची काजळी आणि उदबत्तीची राख वापरतो, हे कळलं की हा प्रश्न येतोच. कधी कुत्सितपणे, कधी खरोखरच्या काळजीने. काळजीवाला जास्त झोंबतो.

नव्हत्याच परवडत. पुढे ऐपत आली, पण तोवर गेरूवर हात बसला होता. आणि तो कामाचा आहे हो! भोर घाटात १:३७ चा, म्हणजे ३७ फुटांना एक फूट, उतार. ब्रेक लागले की बिडाचे ब्रेक ब्लॉक झिजायचे, त्यांची भुकटी बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, बसून गंजायची. म्हणजे तो तपकिरी थर लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि गेरूचा लाल रंगही त्याचाच. मग तेच बाटलीत भरून आलं की ‘चांगलं’ कसं होतं?

फक्त तो जसाच्या तसा फासायचा नसतो. १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलवर, ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे जवळपास ९ मिलिमीटरची खडी. कुंड्यांचा गेरू वस्त्रगाळ करूनही भागत नाही. ग्लासभर पाण्यात ढवळायचा, जड कण तळाला जाऊ द्यायचे, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते रात्रभर निवळलं की खाली बसलेली साय वाळवायची. बोटांत चोळली तर कण लागत नाही, नुसता रंग लागतो. चिमूटभर काजळी घातली की लाली मरते. हळद उजेडात उडते, कुंकू ओलं झालं की पसरतं, रांगोळी भरडच. हे पुढचे तीन प्रश्न वाचवले.

आता ते इंजिन. एका गृहस्थांनी वडिलांसाठी पुण्याच्या घोरपडी शेडचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन करून मागितलं. वडील ड्रायव्हर होते. जेमतेम वीतभर लांबीचं, प्लॅस्टिक शीट कापून केलेलं. ते गृहस्थ न्यायला आले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून बोगीच्या स्प्रिंगांपर्यंत सगळं पाहिलं. छतावर धुराड्याभोवती मी काजळीचा फराटा ओढला होता. थ्रॉटल उघडला की टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, वेग घेईपर्यंत ही इंजिनं काळा धूर ओकायची, त्याचा. ‘बाबा सांगायचे अगदी तस्सं!’ म्हणाले. फोटो काढून घरी धाडले. मग विचारलं, कुठली पावडर?

मी सांगितलं. समईवर स्टीलची ताटली धरून काजळी कशी धरतात, हेही मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी इंजिन टेबलावर ठेवलं.

‘म्हणजे मटेरियल फुकटच की.’

भाव आधी ठरला होता, मी तो सोडला नाही. ते जरा थांबून म्हणाले, ‘मग निदान एवढं पुसून तरी द्या. काळं फासलेली वस्तू बाबांना भेट कशी देऊ?’

पुसून दिलं. पैशांची गरज होती. शेवटचं मॅट व्हार्निश मारायचं राहिलं होतं, त्यामुळे साबणाच्या पाण्यातला ब्रश फिरवल्यावर काजळी मुकाट निघाली. कडाकोपऱ्यांत गेरू तेवढा अडून बसला. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हे असू द्या, ओरिजिनल वाटतं.’

एखाद्या परदेशी बाटलीचं नाव ठोकून दिलं असतं, तर इंजिन मळकं राहिलं असतं आणि म्हाताऱ्याला त्याचं खरं इंजिन मिळालं असतं. यावर मी स्वतःशी बरंच भांडलोय. निकाल लागलेला नाही.

आणि बाटल्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं भेटेल त्याला सुनावणारा जो मी होतो, त्याच्याशीही माझं पटत नाही. राख व्हार्निशखाली गायब होते, हे तो कधी सांगायचा नाही. गेरूचा प्रत्येक घाणा वेगळा निघतो, मालगाडीच्या शेजारशेजारच्या दोन वाघिणी जुळत नाहीत, हेही नाही. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाबतीत मात्र तो बरोबर होता: थिनर म्हणून वापरू नका, असिटोन प्लॅस्टिक खातं.

सध्या बॉक्सएन, म्हणजे वरून उघड्या, वाघिणींचं काम चालू आहे. कोळसा घासून आतला रंग उडतो, म्हणून आतून गेरू आणि काजळी. बाहेरची धूळ बाटलीतली. परवडते. तरी झाकण उघडताना हात आखडतोच. आणि ‘काय लावलंय हे?’ असं कुणी विचारलं, तर आधी कशाचं नाव घ्यायचं, ते समोरचा माणूस पाहून ठरवतो.