टिपणांची कार्डं: माथ्यावरची ओळ आणि मधली रेघ

इतिहासात एम.ए. करताना पहिली दोन सत्रं मी टिपणं वहीत काढली. लघुप्रबंधाला बसल्यावर अडचण कळली: वही वाचनाच्या क्रमाने भरते, लेखन मुद्द्यांच्या क्रमाने चालतं. मग ५ बाय ३ इंची जाड कार्डं आणली. एका कार्डावर एकच मुद्दा, मागची बाजू कोरी. थप्पी चाळताना मागचं दिसत नाही, म्हणजे तिथे लिहिलेलं हरवलंच.

आधी पुस्तकाचं कार्ड: लेखक, नाव, प्रकाशक, साल, आवृत्ती. आवृत्ती विसरायची नाही. नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी पुन्हा झाली की पृष्ठांक सरकतात. स्कॅन प्रतीत पडद्यावर ३७ आणि छापील पानावर २१ असा घोळ असतो, कारण संगणक मुखपृष्ठापासून मोजतो. छापील आकडाच घ्यायचा. प्रस्तावनेची पानं 'एक, दोन, तीन' अशी अक्षरांत असतील तर तशीच.

खरी मेख माथ्यावरच्या ओळीत. 'दर्पण' या जुन्या मराठी वृत्तपत्रावरच्या कार्डांवर आधी मी नुसतं 'दर्पण' लिहायचो. अशी पंधरा कार्डं जमली की प्रत्येक पुन्हा वाचणं आलं. आता पूर्ण वाक्य लिहितो: 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी. खाली पुरावा: मुंबई, ६ जानेवारी १८३२, संपादक बाळशास्त्री जांभेकर, एका स्तंभात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, मग पृष्ठांक. त्याखाली आडवी रेघ. रेघेखाली माझं: मग वाचक कोण धरला होता? मराठी शिकणारा साहेब की इंग्रजी शिकणारा इथला मुलगा?

रेघेच्या वर लेखकाचं, खाली आपलं. रेघ मारायची राहून गेली की सहा महिन्यांनी लेखकाचं वाक्य स्वतःचंच वाटायला लागतं आणि वाङ्मयचौर्याच्या तपासणीत नेमकं तेच सापडतं. उतारा शब्दशः असेल तर आधी अवतरणचिन्ह, मग पहिला शब्द.

जुन्या पुस्तकांत नुसतं शालिवाहन शकाचं वर्ष असतं. त्यावरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवू नयेत. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ लागतात. 'दर्पण'चा पहिला अंक शक १७५३ मधला. ७८ मिळवले तर १८३१ येतं आणि वर्ष चुकतं. मी कार्डावर शक आणि सन दोन्ही लिहितो.

तीस पानांच्या प्रकरणातून चार-पाच कार्डं निघावीत. पंधरा निघाली तर आपण नक्कल करतोय. म्हणून पहिल्या वाचनात फक्त कागदाच्या पट्ट्या घालतो (ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलही नको) आणि कार्डं दुसऱ्या दिवशी लिहितो. निम्म्या पट्ट्या तेव्हा आपोआप गळतात.

पद्धत जुनीच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेला संस्कृत कोश अशाच चिठ्ठ्यांवर उभा आहे, आणि त्या एक कोटीच्या घरात आहेत. लघुप्रबंधाला दीडशे पुरतात.

लिहायच्या वेळी कार्डं जमिनीवर मांडायची, नुसत्या माथ्याच्या ओळी वाचत पुढेमागे करायची. क्रम जमला की कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घालायचे. तोवर पंखा बंद.