आमची वाटचाल: रिवाइंडिंगपासून वाडीच्या विजेपर्यंत

दापोलीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पुढे छतावर सोलर बसवायची कामं घेऊ लागलो. बिल कमी झालं की गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडचीही वाताहत झाली. पोल आडवे, तारा माडांखाली. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, दुकानात आले. "ऊन पडलंय, पॅनल शाबूत आहेत, मग घरात अंधार का रे? शोभेला बसवलेस काय?" लाइन गेली की पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलर इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर घरची वीज उलटी तारेत जाऊन दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. मला ठाऊक होतं. विकताना सांगितलं नव्हतं.

मग हायब्रिड इन्व्हर्टर शिकायला घेतला. लाइन गेली की तो बाहेरच्या तारेपासून तुटतो आणि बॅटरीच्या जोरावर लाइनसारखीच, सेकंदाला 50 आवर्तनांची (50 हर्ट्झ) वीज स्वतः तयार करतो. ती दिसली की छतावरच्या पॅनलचा जुना इन्व्हर्टरही जागा होतो. बॅटरी भरत आली की हायब्रिड फ्रिक्वेन्सी, म्हणजे हे हर्ट्झ, किंचित वाढवतो, आणि ते ओळखून जुना इन्व्हर्टर हात आखडता घेतो. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर हे जुळवताना घाम फुटतो.

पहिलं मोठं काम वाडीच्या नळपाणी योजनेचं. 5 एचपीची मोटार, म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट, आम्ही 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर लावला. सगळी वाडी विहिरीवर जमलेली. बटण दाबलं, ट्रिप. पुन्हा दाबलं, पुन्हा ट्रिप. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते, आणि हे रिवाइंडिंगवाल्याने विसरावं! पुढच्या आठवड्यात पदरमोड करून ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र, बसवला; मोटार हळूहळू वेग घेऊ लागली.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. लाइन नाही, आभाळ भरलेलं, म्हणून सोलरची वीज मोजकीच. वाडीने ठरवलं: आधी पाणी, मग मोबाइल चार्जिंग, रात्री घरटी एक दिवा. टीव्हीवरून थोडी धुसफूस झालीच.

आज आम्ही चौघं आहोत. लाइन गेल्यावर काय चालेल आणि काय नाही, हे कोटेशनच्या पहिल्याच पानावर लिहितो. ते वाचून काही गिऱ्हाइकं स्वस्तवाल्याकडे गेली. लाइनमन मात्र वाडीत काम निघालं की आधी फोन करतो, "तुमचं सोलर तुटलंय ना लाइनपासून?" मी हो म्हणतो. तरी तो तारेला अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे ती जमिनीला जोडल्याशिवाय, कामाला हात लावत नाही, आणि तेच बरोबर आहे.