एम६७: मसावि दोनदा अख्खा एनच!

अखेर एम६७चा लहान अवयव १९३७०७७२१ सुटा झाला. मागच्या नोंदीत एम६७, म्हणजे २^६७ − १ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, (पुढे हाच एन) यावर अवयव शोधायची पोलार्डची पी−१ पद्धत लावली होती: एक पाया घ्यायचा, बी१ या मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्यांचे घात त्याच्या घातांकात घालायचे, आलेल्यातून १ वजा करून एनशी मसावि काढायचा; पी या अवयवातून १ वजा केल्यावर उरणारे सगळे मूळ अवयव घातांकात बसले की पी मसाविमध्ये येतो. पण मसावि म्हणून अख्खा एनच परत येत होता. कोड तीनदा तपासला, त्यात खोट नव्हती. खोट पायात होती.

सवयीने पाया २ घेतला होता. पण मर्सेन संख्येत (२चा घात वजा १) २^६७ ला एनने भागलं की बाकी १ उरते, आणि दोन्ही अवयवांसाठीही तेच. त्यामुळे घातांकात ६१पर्यंतच्या १८ मूळ संख्या घालेपर्यंत मसावि १, आणि एकोणिसावी, म्हणजे ६७, घातली की थेट एन. मधलं काही येणारच नाही, बी१ कितीही ठेवा.

पाया ३ केला, बी१ = १०,०००. पुन्हा एन! आता मात्र डोकं फिरायची वेळ. उत्तर माहीत असल्याने उलटं जाऊन दोन्ही अवयवांतून १ वजा करून फोडलं:

१९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
७६१८३८२५७२८६ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

दोन्हीकडे सगळ्या मूळ संख्या दहा हजाराच्या आत. घातांक पुरता भरल्यावर एकदाच मसावि काढला, तर दोन्ही अवयव एकदमच जाळ्यात येतात. बी१ मोठा घेतला की काम सोपं होतं हा समज इथे आडवा आला. बी१ = ३००० ठेवला आणि लहान अवयव एकटा बाहेर पडला. उत्तर माहीत नसेल तर दर शंभर मूळ संख्यांनंतर मसावि काढत जावा: २६७७ ही ३८८वी, म्हणजे चौथ्या गठ्ठ्यातच काम होतं; ८५३९ हजाराव्याच्याही पुढे.

हे लिहितानाच सुचलं: एम६७चा प्रत्येक अवयव १३४के + १ असतो (के ही पूर्ण संख्या), मग ६७ घातांकात आधीच टाकून का ठेवू नये? तसं केलं तर पहिल्या टप्प्याला बी१ = ३० पुरतो (३^३ = २७ बसतो), आणि २६७७ दुसऱ्या टप्प्यात, जिथे बी१ आणि बी२ यांच्यामधली एकच जादा मूळ संख्या चालते; बी२ = ३०००. मोठ्या अवयवाला २५५१ आणि ८५३९ अशा दोन मोठ्या मूळ संख्या लागतात, त्यामुळे तो दुसऱ्या टप्प्यात चुकूनही मध्ये येत नाही. हे फारच आवडलं.

साध्या भागाकारानेही जमतंच म्हणा. लहान अवयवासाठी के = १४४५५८०, आणि अवयवाला ८ने भागून बाकी १ किंवा ७ हवी, म्हणून चारांपैकी दोनच के उरतात. सव्वासात लाख भागाकार. गणिती कोलने १९०३ साली फळ्यावर मांडलेला गुणाकार हाच, फक्त त्याच्याकडे पायथन नव्हता.

साधनांचं: पायथनमध्ये घात काढणाऱ्या पॉवला (pow) तिसरा आकडा म्हणून मापांक, म्हणजे ज्याने भागायचं तो, द्याच, आधी घात आणि मग बाकी असं केलंत तर मेमरी संपेल. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं, त्यात हे काम करूच नका. पारी-जीपी (गणिताचं सॉफ्टवेअर) एका ओळीत फोडून देतो, पण मग वर जे कळलं ते कळत नाही.

पुढे एम१०१, म्हणजे २^१०१ − १. लहान अवयव तेरा अंकी आहे, ७४३२३३९२०८७१९, आणि के ३६७९ कोटींच्या पुढे, म्हणजे भागाकार बाद. मूळ बेत बी१ = १०,००० आणि शेवटी एक मसावि असा होता; तो रद्द. आता पाया ३, घातांकात २०२ (२ × १०१) आधीच, दर शंभराला मसावि. १ वजा करून फोडलेलं मात्र या खेपेला आधी बघायचं नाही.