क्लाउनफिश नसलेली टाकी

माझ्या घरच्या समुद्री माशांच्या टाकीत नारिंगी-पांढरा क्लाउनफिश नाही. घरी येणारे लहान मूल आधी तोच मासा शोधते आणि नाही म्हटल्यावर हिरमुसते. पण ही टाकी हवाई बेटांच्या समुद्राची प्रतिकृती आहे आणि हवाईच्या समुद्रात क्लाउनफिश मुळातच नाही. त्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम आठ-बारा दिवस प्रवाहाबरोबर तरंगतात. तेवढ्या अवधीत हजारो किलोमीटरचा खुला महासागर ओलांडून या एकाकी बेटांपर्यंत पोचणे त्यांना साधलेले नाही. ज्या जाती पोचल्या, त्या मात्र तिथेच वेगळ्या होत गेल्या, आणि आज हवाईच्या प्रवाळांत राहणाऱ्या माशांपैकी सुमारे २५ टक्के जाती जगात इतरत्र कुठेही सापडत नाहीत. हे समजल्यावर मी ठरवले की दुकानात सुंदर दिसणारी प्रत्येक गोष्ट घरी आणायची नाही आणि काय वगळायचे हे त्या समुद्रालाच ठरवू द्यायचे.

याचा पहिला परिणाम रंगांवर झाला. घरगुती प्रवाळटाकी म्हटले की निळ्या दिव्याखाली चमकणारे जांभळे-हिरवे अ‍ॅक्रोपोरा हे दगडी प्रवाळ आणि डोलणारे मऊ प्रवाळ डोळ्यांसमोर येतात. हवाईच्या मुख्य बेटांभोवती अ‍ॅक्रोपोरा अतिशय दुर्मीळ आहे आणि मऊ प्रवाळांच्या जातीही मोजक्याच आहेत. तिथे राज्य चालते ते पोराइट्स, मोंटिपोरा आणि पोसिलोपोरा या दगडी प्रवाळांचे, म्हणजे पिवळसर, तपकिरी आणि शेवाळी छटांचे. त्यांच्यामागे काळा लाव्हा असतो, आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर मासे असे उठून दिसतात की प्रवाळांनी फार रंगीत असण्याची गरजच भासत नाही. म्हणून मी दिव्यांतला निळा रंग बराच कमी ठेवला आहे. प्रवाळ त्यामुळे साधे दिसतात, पण उथळ पाण्यातल्या उन्हाचा भास होतो, आणि मला तोच हवा होता.

टाकी २४० सेंटिमीटर लांब, ९० रुंद आणि ७५ उंच आहे. काठोकाठ भरल्यास तिच्यात १,६२० लिटर पाणी मावते, आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे नुसत्या पाण्याचेच वजन १,६५० किलोंच्या वर जाते. काच, दगड, लोखंडी चौकट आणि सम्प, म्हणजे पाणी फिरत राहते ती खालची छोटी टाकी, यांचे वजन निराळेच. एवढा भार वरच्या मजल्यावरच्या साध्या स्लॅबवर ठेवण्याचा विचारही करू नये. मी ती तळमजल्यावर, थेट जमिनीवरच्या काँक्रीटवर उभी केली, आणि तरीही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जागा तपासून घेतली. पाणी भरल्यावर टाकी हलवता येत नाही, त्यामुळे पाया समपातळीत आहे की नाही हे पाहण्यात मी दोन पूर्ण दिवस घालवले. ते मला आजही कमी वाटतात.

दगडांची रचना मेलेल्या, सच्छिद्र चुनखडीच्या दगडांवर केली आहे, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यांच्या छिद्रांत चांगले वसतात. दर्शनी बाजूला लाव्हाचे तुकडे चिकटवले आहेत. ते तुकडे आधी शुद्ध पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवले आणि चुंबकाला चिकटणारे बाजूला काढले. जिवाणूंचे चक्र बसायला सहा आठवडे लागले. त्यानंतरचे सारे नेहमीचेच आहे: गाळून क्षारमुक्त केलेले आरओ-डीआयचे पाणी, दर हजारी ३५ लवणता, २५ ते २६ अंश तापमान, फेसावाटे घाण काढणारा मोठा स्किमर.

प्रवाळ मिळवण्याबाबत मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. हवाईत दगडी प्रवाळ किंवा सजीव खडक समुद्रातून काढणे कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. २०१५ साली पाणी तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यातून सावरणाऱ्या प्रवाळभिंतीचा एक तुकडाही कुणाच्या बैठकीच्या खोलीत येऊ नये. सुदैवाने तिथल्या अनेक जाती फक्त तिथल्याच नाहीत. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस हिंद आणि प्रशांत महासागरांत दूरवर पसरलेली आहे, आणि टाक्यांमध्ये वाढवलेल्या वसाहतींपासून तोडलेले तिचे तुकडे सहज मिळतात. माझ्याकडचा प्रत्येक तुकडा असा कुणाच्या तरी टाकीत वाढलेला आहे. जात हवाईतही आढळणारी, पण वंश हवाईचा नाही. ही तडजोड मी समजून-उमजून केली आहे.

माशांमध्ये मुख्य मान यलो टँग या पिवळ्या माशाचा. हवाई भाषेत त्याला लाउईपाला म्हणतात, म्हणजे टी (ti, चहा नव्हे) नावाच्या वनस्पतीचे पिकून पिवळे पडलेले पान. जगभरच्या टाक्यांतले बहुतेक यलो टँग अनेक वर्षे हवाई बेटाच्या कोना किनाऱ्यावरून पकडून आणले जात. २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यावसायिक पकडीच्या परवान्यांसाठी पर्यावरणीय आढावा आवश्यक असल्याचा निर्णय दिला आणि तो व्यापार टप्प्याटप्प्याने थांबला. त्याआधी २०१५ मध्ये हवाईतल्याच ओशॅनिक इन्स्टिट्यूटने हा मासा पहिल्यांदा अंड्यापासून मोठा केला होता. त्याची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात की त्यांना पहिला घास कोणता द्यायचा, हाच प्रश्न वर्षानुवर्षे अडला होता. माझे पाचही टँग अशा पैदाशीतले आहेत. आणले तेव्हा मोठ्या नाण्याएवढे होते. समुद्रात हा मासा चाळीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे, तेव्हा त्याला घरी आणणारा माणूस मोठी जबाबदारी पत्करत असतो.

हवाईचा राज्यमासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ मात्र माझ्याकडे नाही. तो खेकडे, कोळंबी, शंख सगळे फोडून खातो आणि तोंडाने दगड उचलून रचना बदलतो. प्रवाळांच्या टाकीत त्याला ठेवणे दोघांवरही अन्याय आहे. हवाईचा स्थानिक क्लीनर रास हा मासाही मी कधी आणणार नाही. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हेच त्याचे अन्न, आणि ते घरच्या टाकीत पुरत नसल्याने तो उपासमारीने मरतो. हे माहीत असूनही लोक त्याला विकत घेत आले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जास्त विचार लाटांचा करावा लागला. पोसिलोपोरा खळाळत्या पाण्यात वाढणारी आहे, आणि पंपाचा एकसुरी झोत म्हणजे लाट नव्हे. हवाईतल्या वायकिकी मत्स्यालयाचे संचालक राहिलेले ब्रूस कार्लसन यांनी यासाठी एक अतिशय सोपी युक्ती शोधली होती. वरच्या पिंपात छोटा पंप सावकाश पाणी चढवत राहतो. पाणी वाकड्या नळीच्या माथ्यावर गेले की सायफन सुरू होतो आणि सारे पाणी एकदम टाकीत कोसळते. पिंप रिकामे होताच नळीत हवा शिरते, सायफन तुटतो आणि पिंप पुन्हा भरू लागते. माझे पिंप साठ लिटरचे आहे. दर तीन मिनिटांनी नळी आधी घोगरा आवाज करते, मग पाणी येते, आणि सगळे मासे एकदम एका बाजूला ढकलले जाऊन पुन्हा जागेवर येतात. समुद्रात बुडी मारलेल्या माणसाला हे पुढे-मागे होणे लगेच ओळखू येईल.

या युक्तीनेच मला एकदा अडचणीत आणले. वरचे पिंप भरत असताना सम्पमधली पातळी उतरते. उडून गेलेल्या पाण्याची भर आपोआप घालणाऱ्या सेन्सरला ते बाष्पीभवन वाटले, आणि पहिल्याच रात्री त्याने साठेक लिटर गोडे पाणी आत ओतले. सकाळी दर तीन मिनिटांनी सम्प फरशीवर ओसंडत होता, लवणता ३३.८ वर आली होती आणि पोसिलोपोराचे सगळे पॉलिप, म्हणजे प्रवाळातले इवले जीव, आत ओढलेले होते. लवणता घाईने वाढवणे अधिक घातक ठरले असते, म्हणून तीन दिवस बाष्पीभवनाची भर खाऱ्या पाण्याने घालत ती वर आणली. एकही तुकडा गेला नाही. आता पिंपाचा पंप दिवसातून दोनदा अर्धा तास बंद होतो, पिंपातले पाणी पंपाच्याच नळीने उलटे खाली सम्पमध्ये उतरते, आणि सेन्सरला वीज फक्त त्या वेळात मिळते.

शेवाळासाठी दोन ट्रिप्नॉस्टेस समुद्री साळू आहेत. हवाईत यांना हावाए म्हणतात, आणि कानेओहे उपसागरातले परके शेवाळ खाण्यासाठी राज्य सरकार त्यांची पैदास करून ते समुद्रात सोडते. त्यांना अंगावर काही ना काही पांघरून फिरायची सवय असते. मोठ्या साळूने गेल्या महिन्यात मोंटिपोराचा एक तुकडा उचलला आणि तो काचेवर चढला. मी तुकडा परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच पुन्हा उचलला. अखेर तुकडा पक्का चिकटवला आणि त्याला रिकामा शिंपला दिला. तो अजून त्याच्या पाठीवर आहे.

दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने मी मंद लाल टॉर्च घेऊन टाकीजवळ जातो. दिवसा लिंबासारखे पिवळेधमक दिसणारे टँग तेव्हा फिकटलेले असतात. अंगाच्या मधोमध तपकिरी छटा उतरते आणि तिच्यातून एक पांढरी आडवी पट्टी जाते. पाचांपैकी चार लाव्हाच्या कपारीत शिरलेले असतात. पाचवा, सर्वांत लहान, रोज पिंपाच्या नळीखालच्या खाचेत झोपतो, आणि लाट आली की जागच्या जागी थोडा डोलतो.