शॉर्टलॉगमधली गर्दी

परवा आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीवर गिट शॉर्टलॉग चालवला, म्हणजे कोडमध्ये कुणी किती बदल केले त्याची यादी काढली. नावांची लांबलचक रांग बघून बरं वाटलं. मग ईमेलचे डोमेन बघत गेलो आणि चेहरा पडला. माझ्यासकट वरची सगळी मंडळी एकाच कंपनीच्या पगारावर. काहींचे पत्ते जीमेलचे आहेत खरे, पण ते माझ्याच टीममधले, म्हणजे तीही फसवी भर.

ओपन सोर्स प्रोजेक्टची तब्येत मोजणाऱ्या केऑस (CHAOSS) प्रकल्पात याचं एक माप आहे, 'एलिफंट फॅक्टर': निम्मे कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, भरायला कमीत कमी किती कंपन्या लागतात? आमचं उत्तर, एक.

बाहेरचे लोक फिरकत नाहीत असं नाही. येतात, एखादा टायपो सुधारतात, जातात. टिकत का नाहीत, ते मला गेल्या वर्षी कळलं. एकीने कॅशिंगचा मोठा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला होता. टेस्टसकट, नीटनेटका. तीन आठवडे कुणी हात लावला नाही, कारण ते मॉड्यूलच काढून टाकायचं आमचं ठरलं होतं. कुठे ठरलं होतं? ऑफिसच्या चॅटवर. "आधी सांगितलं असतंत तर एवढी खपले नसते," इतकंच लिहून तिने पॅच मागे घेतला. ठरवणाऱ्यांत मीही होतो.

वरिष्ठांकडे विषय काढला की ऐकायला मिळतं, "पैसे आपणच घालतोय ना?" घालतोय की. पण उद्या हात आखडता घेतला तर? ऑगस्ट २०२०च्या कपातीत मोझिलाने सर्व्हो या ओपन सोर्स ब्राउझर इंजिनची टीम काढली. कोड सगळ्यांसाठी खुला होता, पण रोज काम करणारे हातच गेले. नोव्हेंबरात प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनकडे गेला, तरी पुन्हा वेग यायला २०२३ उजाडलं. तेव्हा इगालिया या कंपनीच्या लोकांनी ते काम अंगावर घेतलं.

रेडिस या डेटाबेसचं उलट झालं. मार्च २०२४मध्ये त्यामागच्या कंपनीने लायसन्स बदलून अटी कडक केल्या आणि आठ-दहा दिवसांत त्याच्याच जुन्या कोडवर वाल्की हा वेगळा प्रोजेक्ट उभा राहिला. अ‍ॅमेझॉन, अलीबाबातले लोक आधीपासून रेडिसचे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, होते, कोड त्यांच्या हातात बसलेला होता. नुसते पॅच पाठवणारे असते तर एवढ्या झटपट जमलं नसतं.

म्हणून मर्जचा, म्हणजे आलेला बदल कोडमध्ये सामील करायचा, हक्क बाहेरच्या एकाला तरी द्यावा, असं मी सुचवलं. नुसतं डॉक्युमेंटेशनचं फोल्डर नव्हे, मुख्य शाखेवर. बैठकीत पाऊण तास चर्चा झाली, "त्याची जबाबदारी कोण घेणार?" यावरच अडली. ती बैठकही अर्थात आतलीच होती.